सायलेन्सरची चकाकी

आमच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरवर एकदा चिखल वाळला होता. आम्ही विटेची भुकटी घेतली आणि भांडे घासावे तसा तो खसाखसा घासला. चकाकी आली नाहीच, उलट ओरखडे पडले. पावसाळ्यात तिथेच गंज धरला.

असे का झाले? सायलेन्सर असतो लोखंडाचा. त्यावर निकेलचा थर असतो आणि वर क्रोमियमचा मुलामा. हा मुलामा केसाहूनही पातळ. तो खरवडला की ओल खालच्या लोखंडापर्यंत पोचते. मग गंज धरतो आणि पुढे भोक पडते.

आता आम्ही शहाणे झालो. गाडी आधी पुरती निवू देतो, नाहीतर हात भाजायचा! नळीच्या तोंडात फडक्याचा बोळा घालतो, म्हणजे पाणी आत जात नाही. साबणाच्या पाण्याने चिखल भिजवतो आणि मऊ फडक्याने पुसून काढतो. थोडा गंज असला तर ॲल्युमिनियमचा कागद भिजवून हलक्या हाताने चोळतो. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. शेवटी कोरडे पुसतो आणि बोळा आठवणीने काढतो.

भांडे घासावे, मुलामा जपावा.

सांगा पाहू :
१. विटेच्या भुकटीने काय बिघडले?
२. बोळा कशासाठी घालायचा?