गाडी निमगावात, मालक दुबईत आणि मागची नंबरप्लेट गायब

प्रश्न : नोकरीनिमित्त मी दुबईत असतो. 2021 साली घेतलेली माझी एमएच 42 पासिंगची कार निमगाव केतकीला घरासमोरच्या शेडमध्ये उभी असते. वडील आठ-पंधरा दिवसांनी ती चालू करतात, कधी इंदापूर-बारामतीला नेतात. गेल्या आठवड्यात मागची नंबरप्लेट गायब असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पोलीस ठाणं म्हणजे हेलपाटे, असं त्यांचं म्हणणं. ‘बारामतीतून नवी प्लेट करून आणतो, बाकीचं तू दिवाळीला आलास की बघू,’ असं ते म्हणतात. मी देशातच नसल्यामुळे माझ्यावर काही येणार नाही, असं मलाही वाटतं. हे बरोबर आहे का? आणि तक्रार द्यायचीच तर मालक म्हणून ती मलाच द्यावी लागेल का?
— एक वाचक, निमगाव केतकी, ता. इंदापूर (सध्या मुक्काम दुबई)

उत्तर : दिवाळीपर्यंत थांबू नका आणि नवी प्लेट आधी, तक्रार मागाहून असंही करू नका. तक्रार याच आठवड्यात वडिलांनी द्यावी. तुम्ही येण्याची गरज नाही. तुम्ही दोघंही याकडे एका पत्र्याचं नुकसान म्हणून बघता आहात. पत्रा स्वस्तच आहे. राज्यात 2019 पूर्वीच्या चारचाकींसाठी दोन्ही हाय सिक्युरिटी प्लेटचा मिळून 745 रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला, आणि तुमच्या 2021 च्या गाडीची प्लेटही काही शे रुपयांतच होईल. पण पत्र्यावरचा नंबर आपल्याकडे बदलत नाही. जर्मनीत प्लेट चोरीला गेली की पोलिसांचा कागद दाखवून तो नंबरच साधारण दहा वर्षं गोठवतात आणि मालकाला नवा नंबर देतात. म्हणजे चोराच्या हातात राहतो तो मेलेला नंबर. आपल्याकडे नवी प्लेट येते तेव्हा तिच्यावर कोरलेला लेझर क्रमांक वेगळा असतो, पण मोठ्या अक्षरांतला नंबर तोच. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला लेझर क्रमांक वाचता येत नाही, त्याला दिसतो एमएच 42 आणि पुढची अक्षरं-आकडे. त्यामुळे चोरलेली प्लेट दुसऱ्या गाडीला लागली, तर तो नंबर अमुक तारखेपासून माझ्या ताब्यात नव्हता हे सांगणारी एकच गोष्ट तुमच्याकडे उरते, ती म्हणजे तारीख असलेला पोलिसांचा कागद. तो घटनेनंतर लगेचचा असेल तर पुरावा. चलन किंवा नोटीस हातात पडल्यावर काढलेला असेल तर सबब वाटतो.

‘मी देशातच नव्हतो’ हा बचाव जितका भक्कम वाटतो तितका नाही. पासपोर्टवरचा शिक्का तुम्ही गाडी चालवत नव्हता एवढंच सिद्ध करतो. गाडी तिथे नव्हती हे त्यातून सिद्ध होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 नुसार, गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवत होतं याची माहिती पोलिसांनी मागितली की ती देणं मालकाचं काम. मालक दुबईत, गाडी गावात आणि चावी वडिलांकडे, म्हणजे पुढचा प्रश्न सरळ तुमच्या वडिलांकडे जाणार. साध्या चलनाचं एक वेळ निभावेल. धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर एखाद्या साक्षीदाराने टिपला असेल, तर खुलासे तुमच्या घरच्यांनाच करावे लागतील. म्हणून तुमचा पासपोर्ट जपून ठेवाच, पण पुरावा उभा करायचा तो गाडीबद्दलचा. शेवटच्या पीयूसीच्या वेळी काढलेल्या फोटोत प्लेट दिसते. सरडेवाडी किंवा पाटसच्या टोलनाक्यावरून गाडी शेवटची कधी गेली ते फास्टॅगच्या उताऱ्यात सापडतं. सर्व्हिसिंगच्या बिलावर किलोमीटरचा आकडा असतो. हे कागद आजच एका ठिकाणी जमवा. सहा महिन्यांनी ते शोधत बसणं फार अवघड जातं.

आता प्लेट पडली की चोरली, हे वडिलांनी अंदाजाने सांगू नये, गाडीजवळ बसून बघावं. हाय सिक्युरिटी प्लेट साध्या स्क्रूने बसवलेली नसते. तिचं स्नॅप लॉक एकदा बसलं की मोडल्याशिवाय निघत नाही. मागच्या बंपरवर किंवा डिकीच्या दारावर प्लेटच्या जागी लॉकचे तुटलेले तुकडे अडकलेत का, भोकांच्या कडेला पकड किंवा पाना घासल्याचे ताजे ओरखडे आहेत का, की प्लेटची पूर्ण पट्टीच क्लिपांसकट उखडली आहे, ते पाहा. ओरखडे असतील तर कुणीतरी काढली. पट्टीसकट गेली असेल तर खड्ड्यात आदळून किंवा मागे घेताना कशाला तरी लागून पडली असण्याची शक्यता जास्त. कशालाही हात लावण्याआधी या जागेचे जवळून आणि गाडी पूर्ण दिसेल असे फोटो काढून ते तुम्हाला पाठवू द्या. पाठवल्याची वेळही आपोआप नोंदली जाते. पडली की चोरली हा फरक महत्त्वाचा, कारण हरवल्याची ऑनलाइन नोंद सोपी म्हणून अनेकजण चोरीलाही ‘गहाळ’ लिहून मोकळे होतात. पुढे तीच प्लेट गुन्ह्यात सापडली तर तुमचाच पहिला जबाब तुमच्या विरोधात वाचला जाईल. खुणा चोरीच्या असतील तर चोरी लिहा. नसतील तर ‘कशी गेली ते माहीत नाही, शेवटची अमुक तारखेला पाहिली’ असं खरं तेवढंच लिहा.

तक्रार मालकानेच द्यावी असं बंधन नाही. ज्याला घटना माहीत आहे तो कुणीही देऊ शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, पण ती देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. दुबईहून तुम्हाला ते जमणार नाही. म्हणून वडिलांनी इंदापूर पोलीस ठाण्यात जावं हेच सरळ. प्लेट भिगवण, बारामती किंवा आणखी कुठे गेली असेल अशी शंका असली तरी हद्दीचं कारण सांगून माहिती नाकारता येत नाही. सोबत आरसीची प्रत आणि तुमच्या सहीचं साधं संमतीपत्र असू द्या. त्यासाठी वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवण्याची गरज नाही. पुढे गाडी विकण्यासाठी वगैरे ते केलंत, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्या.

ठाण्यात कदाचित ‘एनसीच होईल’, म्हणजे फक्त अदखलपात्र नोंद होईल, असं सांगतील. त्यावर वडिलांनी वाद घालू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीसाठी, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर सामाजिक सेवेची शिक्षा आहे, आणि असा प्रकार अदखलपात्र धरला आहे. म्हणजे काहीशे रुपयांच्या प्लेटची नोंद एनसी म्हणून होणं समजण्यासारखं आहे. मला स्वतःला हा निकष नंबरप्लेटला लावणं चुकीचं वाटतं, कारण तिची बाजारातली किंमत आणि तिने होऊ शकणारं नुकसान यांचा काही मेळ नाही. पण तुमच्या कामापुरती एनसी पुरते. तीत गाडीचा नंबर, चासी क्रमांक, मागची प्लेट आणि ती शेवटची पाहिल्याची तारीख एवढं नीट आलंय का ते वाचूनच सही करावी आणि प्रत घ्यावी. नोंदच घेतली नाही, तर दखलपात्र गुन्ह्याची तक्रार म्हणून तोच अर्ज पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवण्याची सोय कलम 173 मध्ये आहे. नोंद झाली की तिची प्रत बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला ईमेल करा; हे मात्र दुबईहून तुम्ही करू शकता.

‘बारामतीतून प्लेट करून आणतो’ यावर वडिलांना ठाम नकार द्या. रेडियमच्या दुकानात तशीच दिसणारी प्लेट बनवून मिळेलही, पण तिच्यावरचा होलोग्राम आणि लेझर क्रमांक नोंदीत नसतो. ती नियमबाह्य आहेच, आणि कलम 177 खाली पहिल्या वेळी पाचशे, पुढे पंधराशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मोठा तोटा वेगळा आहे. उद्या दोन गाड्या एकाच नंबरच्या निघाल्या, तर खरी कोणती हे ठरवताना चोराच्या गाडीवर तुमची अस्सल प्लेट असेल आणि तुमच्या गाडीवर नकली. म्हणून प्लेट अधिकृत विक्रेत्याकडूनच, ऑनलाइन नोंदवून घ्या. चासी आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे, आरसी आणि पोलिसांची नोंद जवळ ठेवा. ओटीपी वाहन नोंदणीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तुमचा भारतातला नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर सगळं तिथेच अडेल. घरी येऊन बसवण्याची सोय मिळाली तर तीच घ्या, म्हणजे विनाप्लेट गाडी रस्त्यावर काढावी लागणार नाही. काचेवरच्या स्टिकरवर प्लेटचे लेझर क्रमांक असतात, तेव्हा नव्या क्रमांकाचं स्टिकरही मागून घ्या.

समजा तोवर चलन आलंच, तर ‘पाचशे रुपयांसाठी कटकट कशाला’ म्हणून ते भरून टाकू नका. भरलं म्हणजे ती गाडी आपलीच होती असं मान्य केल्यासारखं होतं, आणि मग पुढच्या चलनाला तुम्ही काय म्हणणार? कॅमेऱ्याच्या चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दिसणारा फोटो, तारीख, वेळ आणि जागा देण्याची अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 सालापासून आहे. तो फोटो मोठा करून आपल्या गाडीशी ताडून पाहा. मॉडेल एकच असलं तरी बंपरवरचा पोचा, काचेवरचा फास्टॅग किंवा टपावरची कॅरियरची पट्टी यांत कुठेतरी फरक सापडतो. तो फरक दाखवणारे दोन फोटो आणि एनसीची प्रत जोडून वाहतूक पोलिसांच्या ई-चलन यंत्रणेत हरकत नोंदवा, आणि चलन ज्या ठाण्याच्या हद्दीतलं असेल तिथेही ते कळवा. चोरलेली प्लेट सध्या कोणत्या रस्त्यावर फिरते आहे याचा माग त्यातूनच लागू शकतो.