नाल्याचा तळ आणि पाण्याचा वेग

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा व आसपासच्या गावांतून कापूस, तूर व सोयाबीन ही पिके काळ्या जमिनीत घेतली जातात. ही माती उन्हाळ्यात भेगाळते व पहिल्या सरींचे पाणी पिऊन घेते. परंतु ती एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पुढील पावसाचे बरेचसे पाणी वरून वाहू लागते. ते कोणत्या वेगाने नाल्यास मिळते, यावर शेतातील कसदार माती टिकणे अवलंबून असते.

उतार पाण्याला पुढे ओढतो. तळ त्याला मागे धरतो. या रोधास तळाचे घर्षण म्हणतात. समुद्रकाठीही हाच नियम आहे. खोल पाण्यातील लाटेस तळ लागत नाही. उथळ पाण्यात येताच तळाचे घर्षण तिचे बळ कमी करू लागते. १९१६ साली सुरू झालेल्या व पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरे व नद्या यांच्या लहान प्रतिकृती करून पाण्याची अशी हालचाल अभ्यासली जाते.

वाहत्या पाण्याच्या हिशेबासाठी आयर्लंडमधील अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ साली सूत्र मांडले. त्यात तळाच्या खडबडीतपणास एक आकडा देतात. साफ मातीच्या चरास तो सुमारे ०.०२५ व गवताळ चरास ०.०५ धरला, तर रुंद चरात तेवढेच पाणी वाहताना वेग दोन-तृतीयांश होतो. मात्र पाण्याची खोली दीडपट होते. घर्षणाची ही दोन्ही अंगे ध्यानात ठेवली पाहिजेत. तळ उघडा केला तर माती जाते. तळ झुडपांनी भरू दिला तर पाणी काठ सोडून शेजाऱ्याच्या पिकात शिरते.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. पाणी वाहून नेणाऱ्या चराचा तळ नांगरू नये. तो रुंद व उथळ ठेवून त्यात मारवेलसारखे गवत लावावे. हरळी लगतच्या शेतात पसरते, हे ध्यानात ठेवावे.

२. गवत जनावरांना कापून घालावे. मुळे उपटू नयेत. पाण्याचा जोर गवत झेलते आणि माती मुळांनी धरली जाते.

३. नाल्यातील बेशरमाची झुडपे व अडकलेला पालापाचोळा पावसाळ्यापूर्वी काढावा.

४. गवत लावल्यास पाणी चढणार, हे धरून चराची रुंदी व काठांची उंची आधीच वाढवावी.

वेग पाहण्याची रीत सोपी आहे. चराच्या काठी दहा मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकून लाकडाचा तुकडा पाण्यात सोडावा व लागलेले सेकंद मोजावेत. तुकडा वीस सेकंदांत पोहोचला तर पृष्ठभागाचा वेग सेकंदास अर्धा मीटर होय. प्रवाहाचा सरासरी वेग याहून थोडा कमी असतो. पूर आलेल्या नाल्यात मात्र हे मोजमाप कोणीही करू नये.

चर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. म्हणून ग्रामसेवकांनी व कृषी सहाय्यकांनी वरच्या आणि खालच्या दोन्ही शेतकऱ्यांना एकत्र बसवून हे काम पावसाळ्यापूर्वी ठरवून घेणे इष्ट होय.