बँकेचा मेसेज आलाय? लिंक सोडा, १७९९ लावा

मेई लिंगच्या मंडईत भाजी घेताना फोन वाजतो : ‘तुमचं खातं आज बंद होणार, खालच्या लिंकवर माहिती भरा.’ एका हातात पिशवी, डोक्यात हिशेब, आणि बोट लिंकवर जातं. सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या अनेक मराठी घरांत एक खातं इथलं आणि एक भारतातलं असतं. म्हणून दोन्हीकडचे नियम आणि खर्च माहीत हवेत.

डिसेंबर २०२१ मध्ये ओसीबीसी बँकेच्या नावाने असे मेसेज आले. फोनमध्ये ते बँकेच्या खऱ्या मेसेजच्या खालीच दिसत होते. ७९० ग्राहकांचे मिळून सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर गेले. बँकेने सद्भावना म्हणून पूर्ण भरपाई दिली. तसा नियम तेव्हा नव्हता.

खोटा मेसेज कसा ओळखाल?

• २०२२ च्या सुरुवातीपासून इथल्या बँका सामान्य ग्राहकांना मेसेजमधून लिंक पाठवत नाहीत. लिंक दिसली की मेसेज खोटा समजा.
• ३१ जानेवारी २०२३ पासून नोंदणी नसलेल्या नावाने आलेल्या मेसेजवर ‘लाइकली-स्कॅम’ असा शिक्का येतो. पण शिक्का नसला म्हणून मेसेज खरा ठरत नाही; व्हॉट्सॲपला ही नोंदणी लागू नाही.

खबरदारीचा खर्च किती?

• ‘स्कॅमशील्ड’ ॲप : मोफत.
• १७९९ या स्कॅमशील्ड हेल्पलाइनवर विचारपूस : पाच मिनिटं.
• डीबीएसचं ‘डिजिवॉल्ट’, यूओबीचं ‘लॉकअवे’, ओसीबीसीचं ‘मनी लॉक’ : यात कुलूपबंद केलेली रक्कम ऑनलाइन हलवता येत नाही. अडीअडचणीला लागणारे पैसे बाहेर ठेवा, मुदतीची बचत आत.
• नव्या फोनवर डिजिटल टोकन सुरू केल्यावर १२ तास मोठे बदल करता येत नाहीत. हा खोळंबा आपल्याच रक्षणासाठी आहे.

लिंक दाबली गेली तर?

आधी बँकेचा ‘किल स्विच’ वापरून खातं गोठवा. त्यात ठरलेली बिलंही अडकू शकतात, तरी थांबू नका. मग बँकेला कळवा आणि पोलीस तक्रार करा. ती ऑनलाइन होते किंवा क्वीन्सटाउन नेबरहूड पोलीस सेंटरमध्ये.

१६ डिसेंबर २०२४ पासून भरपाईचा क्रम ठरला आहे. बँकेने आपलं कर्तव्य चुकवलं असेल तर भरपाई बँकेची. बँक बरोबर आणि मोबाइल कंपनी चुकली असेल तर तिची. दोघांनी कर्तव्य पाळलं असेल तर या व्यवस्थेत ग्राहकाला भरपाई नाही. आपण स्वतःहून कुणाला पैसे पाठवले असतील, किंवा फोनमध्ये घातक ॲप शिरलं असेल, तर ते यात बसत नाही. निकाल पटला नाही तर ‘फिड्रेक’ या तंटा सोडवणाऱ्या केंद्राकडे जाता येतं.

भारतातल्या खात्याचं काय?

‘केवायसी अपडेट करा’ हा तिकडचा नेहमीचा सापळा. लिंक न दाबता बँकेचं ॲप स्वतः उघडा. फसवणूक झालीच तर बँकेला लगेच कळवा. भारतात असाल तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे प्रत्येक मिनिटाची किंमत आपल्या खिशातून जाते.

म्हणून एक कळकळीची विनंती. पुण्याहून आई-बाबा दोन महिने राहायला आले असतील तर १७९९ हा आकडा फ्रिजवर लावा, आणि त्यांच्या हातून चूक झालीच तर ओरडू नका. ओरडा बसेल या धास्तीने माणूस संध्याकाळपर्यंत गप्प राहतो, आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. ‘आई, बरं झालं लगेच सांगितलंस’ एवढं म्हणा आणि बँकेला फोन लावा.