कुलूप दिसते, पण लॉगिन अडते

प्रश्न : आमची साइट एचटीटीपीएसवर आहे. लोड बॅलन्सर बसवल्यापासून लॉगिन केले की ब्राउझर साध्या एचटीटीपी पत्त्यावर जाऊन अडकतो. असे का?
— एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी

उत्तर : विक्रोळीचे फाटक बंद होऊन 2025च्या जूनमध्ये पूल सुरू झाला. तरीही एखादा जुना माणूस फाटकाचाच रस्ता सांगेल, तसे इथे वेब सर्व्हरचे झाले आहे.

लोड बॅलन्सर 443 क्रमांकाच्या पोर्टवर सांकेतिक मजकूर घेतो, तो उलगडतो आणि आतल्या सर्व्हरला बहुधा 80 क्रमांकाच्या पोर्टवर साधाच देतो. सर्व्हरला वाटते, पाहुणा एचटीटीपीनेच आला. मग 302 उत्तराच्या ‘लोकेशन’ हेडरमध्ये तो तसाच पत्ता लिहितो. बाहेरून 80 बंद असेल, तर ब्राउझर ताटकळतो.

मुळावरचा उपाय म्हणजे बॅलन्सरने ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडरमधून मूळ प्रोटोकॉल कळवावा आणि अ‍ॅप्लिकेशनने तो वाचावा. मात्र हा हेडर कोणीही बनवून पाठवू शकतो. विश्वास फक्त बॅलन्सरकडून आलेल्यावर.

अ‍ॅप्लिकेशनला हात लावता येत नसेल, तर अपाचेच्या ‘मॉड हेडर्स’मधील ‘एडिट’ने ‘लोकेशन’ बदलता येते. नियम स्वतःच्या डोमेनपुरताच ठेवावा, नाहीतर परक्या साइटचे पत्तेही बदलतील. अपाचे स्वतः बनवतो त्या पत्त्यांसाठी ‘सर्व्हरनेम’मध्येच एचटीटीपीएस लिहिण्याची सोय आहे.

एनजिनएक्स स्वतः रीडायरेक्ट करत असेल, तर ‘अ‍ॅब्सोल्यूट रीडायरेक्ट’ बंद करावा. मग पत्ता डोमेनशिवाय, नुसत्या मार्गाचा जातो. 1999च्या एचटीटीपी मानकात पूर्ण पत्ता सक्तीचा होता, 2014च्या मानकाने ही सक्ती काढली.