युगोस्लाव्हियातील कामगार-मंडळे

कारखाना सरकारी मालकीचा झाला म्हणजे तो कामगारांचा झाला काय? १९४८ साली सोव्हिएत गटातून बाहेर पडावे लागल्यावर युगोस्लाव्हियापुढे हा प्रश्न उभा राहिला. २७ जून १९५० च्या कायद्याने त्याचे उत्तर दिले. कामगारांनी गुप्त मतदानाने १५ ते १२० सभासदांचे मंडळ निवडावे. जेथे ३० हून कमी कामगार असतील तेथे सर्वांचेच मंडळ व्हावे. हे मंडळ योजना व हिशेब मंजूर करी आणि कार्यकारी समिती निवडी. त्या समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद प्रत्यक्ष उत्पादनात राबणारे असावेत, हा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. कचेरीतील मंडळींचेच राज्य होऊ नये, हा त्यातील हेतू उघड आहे.

व्यवस्थापक मात्र प्रारंभी वरूनच नेमला जाई, आणि देशात पक्ष एकच! १९५४ साली मिलोव्हान जिलास यांनी अधिक लोकशाही मागताच त्यांची अधिकारपदे गेली. जानेवारी १९५८ मध्ये स्लोव्हेनियातील त्रबोव्हल्ये येथील कोळसा-खाणकामगारांनी संप केला. कारभार कामगारांचाच, तर मग संप कोणाविरुद्ध? कोळशाचा भाव ठरविणे त्यांच्या मंडळाच्या हाती नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पुढे १९८० नंतरच्या दशकात कर्ज व महागाई वाढली, त्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत मोडीत निघाली आणि १९९१ पासून देशही फुटला.