इकॉलॉजीला निघालीस, तर एवढं ऐक

इकॉलॉजी आणि उत्क्रांती हाच विषय घ्यायचं तू पक्कं केलंस, हे ताईनं सांगितलं आणि मला फार आनंद झाला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून चार गोष्टी हक्कानं सांगते.

या नावाची स्वतंत्र बीएस्सी आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत नाही. ती प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र नाहीतर पर्यावरणशास्त्राच्या पोटात दडलेली असते आणि आपली आपण जुळवून घ्यावी लागते. मेजर प्राणिशास्त्र घेतलंस की मायनर कुठलं, हा प्रश्न येईल. माझं मत विचारशील, तर डोळे मिटून संख्याशास्त्र घे. झाडं जाणत्या माणसाच्या मागे हिंडून शिकता येतात. संख्याशास्त्र मात्र ‘नंतर घरी बसून करू’ म्हणणाऱ्यांचं राहूनच जातं. गणिताला बिचकू नकोस. पुण्याचे माधव गाडगीळ प्राणिशास्त्रात एमएस्सी करून हार्वर्डला गेले, तिथे गणिती परिसरशास्त्राकडे वळले आणि १९६९ मध्ये पीएचडी झाले. पुढे १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरविज्ञानाचं केंद्र त्यांनीच उभं केलं. आयसरच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएसलाही सुरुवातीला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र सगळ्यांना करावंच लागतं, ते उगीच नाही.

इतके विषय कशाला लागतात, ते उंबरापाशी कळेल. तुमच्या कॉलेजच्या आवारात नाहीतर जवळच्या ओढ्याकाठी एखादा उंबर असेलच. खोडाला लागलेलं फळ ब्लेडनं उभं काप आणि हातभिंगाखाली धर. आत शेकडो बारीक फुलं दिसतील. फळाच्या टोकाशी इवलंसं भोक असतं, त्यातून गांधीलमाशीच्या कुळातली एक चिमुकली मादी आत घुसते. घुसताना तिचे पंख बहुधा तुटतात. ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीचे नर आधी फुलांतून बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी मीलन झालं की ते फळाची भिंत पोखरतात आणि त्या वाटेनं माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. झाडाचं बी आणि माशीची वीण एकाच फळात अडकलेली. इकॉलॉजी, उत्क्रांती, वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र यांतला एक विषय वगळून हे समजून घेता येईल का, सांग. भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस यांनी याच झाडावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचे शोधनिबंध काढून वाच.

आता खरी गोम. एका उंबराची पन्नास फळं फोडलीस, माश्या मोजल्यास, तरी तुझ्याकडे झाड एकच आहे. त्यावरून ‘ओढ्याकाठच्या उंबरांत माश्या जास्त’ असं लिहिता येणार नाही. त्यासाठी ओढ्याकाठची अनेक झाडं हवीत आणि ओढ्यापासून लांबचीही हवीत. हुशार मुलांचे प्रकल्प मी इथेच कोसळताना पाहिले आहेत, तेही शेवटच्या महिन्यात, जेव्हा हातात काही उरत नाही. म्हणून मोजायला निघायच्या आधी संख्याशास्त्राच्या सरांकडे जाऊन ये. ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते दुसऱ्या वर्षापासून वापरायला लाग.

नियमांचंही नीट बघ. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या पदवीला १६०. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के लागतात. म्हणजे पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचे मार्कही त्यात धरले जातात. हे मुलांना तिसऱ्या वर्षी कळतं आणि मग धावपळ होते. तू आत्ताच लिहून ठेव. चौथं वर्ष कर, असा माझा आग्रह आहे. संशोधन प्रकल्पाला १२च क्रेडिट असतात, पण या विषयाचं खरं शिक्षण त्यांतच होतं.

मात्र कॉलेजचं वर्ष आणि निसर्गाचं वर्ष जुळत नाही. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर काम करायचं असेल, तर फुलं श्रावण-भाद्रपदात येतात आणि बघता बघता संपतात. जुलैत विषय शोधायला बसलीस, तर हंगाम गेलाच म्हणून समज. सहावं सेमिस्टर चालू असतानाच प्रश्न ठरव, जागा एकदा पायाखालून घाल. अभयारण्यात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. पहिल्या प्रकल्पाला परवानगीची गरजच नसलेली जागा निवडणं शहाणपणाचं. आवारातला उंबर त्यालाच बरा.

वहीत नोंद जागेवरच करायची, पेन्सिलनं. पावसात शाई पसरते. तारीख, वेळ, आभाळ, झाडाचा नंबर, मग आकडे. काही दिसलं नाही तर शून्य लिही, रकाना मोकळा सोडू नकोस. मोकळा रकाना म्हणजे पाहिलं आणि नव्हतं, की पाहिलंच नाही, हे चार महिन्यांनी तुला स्वतःलाही सांगता येणार नाही.

गाईड निवडताना त्यांच्या नावावर जाऊ नकोस. त्यांच्या हाताखाली गेल्या दोन-तीन वर्षांत झालेले प्रबंध ग्रंथालयातून काढ, मागे मूळ आकड्यांचे तक्ते जोडलेत का बघ. आणि ते प्रबंध लिहिणाऱ्या मुलींपैकी एकीला तरी भेटून विचार, सर किंवा मॅडम फील्डवर सोबत येत होत्या का.