बरे झालेल्या मुलाचा वेगळा पेला



बटाटा काढणीच्या दिवसांत एका घरी गेलो होतो. घरचा मुलगा एकोणीस वर्षांचा. नवव्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग झाला, अडीच वर्षे औषधोपचार चालले आणि तो बरा झाला. तरी त्याचा पाणी प्यायचा पेला अजून वेगळा, आणि शेतात त्याला कोणी पाठवत नाही. मला पोहोचवायला अंगणात आला तेव्हा हळूच म्हणाला, "फादर, आजार गेलाय, की नुसता झोपलाय?"

हॉवर्ड लेव्हेंथल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडले आहे की, आजारी माणूस आपल्या आजाराचे एक चित्र मनात तयार करतो. हे काय आहे, कशाने झाले, किती काळ राहील, माझे काय काय नेईल, आणि माझ्या किंवा डॉक्टरांच्या हाती काही आहे का? डॉक्टरांच्या कागदावर आजार संपला तरी या चित्रात तो राहू शकतो. लहान वयात कर्करोगातून उठलेल्यांच्या अभ्यासातही असेच दिसते. आजार आपल्या साऱ्या आयुष्यावर बसून आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यात चिंता व उदासपणा अधिक. आपल्याला काय झाले होते हे ज्यांना नीट कळले आहे, ते अधिक सावरलेले.

म्हणून काही त्या पोराला "चांगले विचार कर, म्हणजे काही होणार नाही" असे सांगू नका. विचाराने कर्करोग होत नाही आणि विचाराने जातही नाही. उद्या काही दुखले तर तो स्वतःलाच दोष देत बसेल.

चित्र मात्र खरे असावे. कर्करोग पेल्यातून लागत नाही. तो बहुतेक मुलांत आईबापांकडून आलेला नसतो. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगासारखे थोडे प्रकार आनुवंशिक असतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. तो पापाची शिक्षाही नव्हे. जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने काय उत्तर दिले ते योहानाच्या नवव्या अध्यायात वाचा. घरातल्या म्हाताऱ्यांनी तर जरूर वाचावे!

उलट बाजूची चूकही होते. "संपले एकदाचे, आता दवाखाना कशाला?" डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने पुढे कित्येक वर्षांनी हृदय दुर्बळ होऊ शकते. मानेला किरण दिले असतील तर कंठग्रंथी मंदावू शकते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात उपचार संपलेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळे तपासणी केंद्र आहे, ते याचसाठी. भुईमुगावर एकदा टिक्का आला म्हणून आपण शेत पडीक टाकत नाही, पण पुढल्या वर्षी पानांवर नजर ठेवतोच ना?

त्या मुलाची फाईल वडिलांनी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली होती. दहा वर्षांत मुलाने ती उघडून पाहिली नव्हती. कोणती औषधे, किती, कधी दिली, हे सारे तीत होते. त्या संध्याकाळी ओसरीवर बसून त्याने ती वाचली, न कळलेले शब्द वहीत उतरवून घेतले. काढणी आटोपल्यावर बापलेक तपासणीला जाऊन आले. वहीतले प्रश्न मुलानेच डॉक्टरांना विचारले.

पेला अजून वेगळाच आहे. त्याच्या आईशी बोलायचे राहिले आहे.